उधारी वाण्याची, उधारी ॲपची : तीन पिढ्यांचा पैसा

मधुमालती (धागालेखिका)

आमच्या घरात पैशाच्या तीन तऱ्हा एकाच छपराखाली नांदतात. सासूबाई ऐंशीच्या उंबरठ्यावर, आम्ही नवराबायको पन्नाशीचे, लेक पंचविशीची. पैशाचा विषय निघाला की वाद ठरलेला. "आम्ही पोटाला चिमटा काढून साठवलं, तुम्ही उधळता." "आजी, तुमच्याकडे उधळायला होतंच काय?" मग कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.

मला हे "जुने काटकसरी, नवे उधळे" प्रकरण पटेनासं झालंय, त्याचं कारण सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या. ते छापखान्यात कंपोझिटर होते. १९७८ ते १९९१ अशा सगळ्या वह्या माळ्यावर आहेत. घरात त्यांची ख्याती "कर्जाला कधी हात लावला नाही" अशी. वहीत काय दिसतं? दर महिन्याला "वाणी – मागील बाकी". दर महिन्याला "सोसायटी हप्ता", म्हणजे कामाच्या ठिकाणच्या पतपेढीचा. मधूनमधून "हातउसने" आणि पुढे कुणाचं तरी अर्धवट नाव. गणपतीच्या आधी "उचल". शाळा सुरू होताना पुन्हा "उचल". माणूस एकही महिना कर्जाशिवाय जगलेला नाही! फक्त त्याला घरात कुणी कर्ज म्हणत नव्हतं.

आणि बचत? वहीत एक ओळ नाही. बचत सासूबाई करत होत्या, वहीबाहेर, आणि ती किती होती हे सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

तर माझं म्हणणं असं. तेव्हा घरावरचं कर्ज चारचौघांना माहीत असायचं. वाण्याला माहीत, सोसायटीच्या जामीनदारांना माहीत, उसने देणाऱ्या शेजाऱ्याला माहीत. बचत मात्र नवऱ्यापासूनसुद्धा लपवलेली. आज बरोबर उलटं झालंय. लेकीच्या मैत्रिणी एकमेकींना एसआयपीचे (म्युच्युअल फंडातल्या दरमहा हप्त्याचे) आकडे बिनदिक्कत सांगतात, पण कार्डावर किती थकलंय ते आईलाही सांगत नाहीत.

तुमच्याकडे काय चित्र आहे? "आमच्या वेळी" छापाची प्रवचनं नकोत, घरात मुबलक मिळतात. (हलकेच घ्या.)

चिंचपोकळीकर

पहिला नंबर माझा! वह्या जपून ठेवा हो, वाळवी लागू देऊ नका.

आमचे आजोबा रत्नागिरीकडून येऊन मुंबईच्या कापड गिरणीत लागले. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी माणसं, जेवण खानावळीत. पगारातून आधी खानावळीचे पैसे, मग गावची मनीऑर्डर, उरलं तर बाकी. मनीऑर्डर ही त्यांच्या मते बचत होती, कारण गावी आजी त्यातून घर शाकारायची, म्हैस घ्यायची. ती वाटेत खर्ची पडायची तेही होतंच. पुढच्या काळात वीस रुपये पाठवायला एक रुपया पोस्टाला द्यावा लागे, म्हणजे पाच टक्के. आज तुम्ही फोनवरून फुकट पैसे पाठवता तेव्हा हे आठवा. २०१५मध्ये पोस्टाने ती जुनी मनीऑर्डर बंदच केली.

खानावळीवाल्या बाईचं पण बघा. गिरणगावात शेकडो बायका घरच्या घरी दहा-पंधरा जणांना जेवू घालायच्या. गिऱ्हाईक महिन्याच्या पगाराला पैसे देणार, म्हणजे महिनाभर उधारी. तिला धान्य वाण्याकडून उधार, वाणी तिला चढा भाव लावणार. म्हणजे कामगाराची उधारी बाईच्या डोक्यावर आणि बाईची वाण्याच्या वहीत. १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली, ती याच साखळीतून सोडवायला. बँका १९६९ला सरकारच्या झाल्या, पण बँकेच्या दारात जायला या बायकांना त्यानंतरही काही वर्षं आणि एक संघटना लागली.

मग १८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा आजीची बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ गेली. वडील तेव्हा अठरा-एकोणीसचे. त्यांनी पुढे आयुष्यभर बँकेत पैसे ठेवले पण शेअरला शिवले नाहीत, आणि मुलांना एकच सांगणं, "सरकारी नोकरी बघ." ही काटकसर नव्हती, भीती होती. मी तिला नावं ठेवत नाही.

कडक_कॉफी

मी त्या पंचविशीतल्या गटातली (सव्वीस!), म्हणून बोलते. एसआयपी सांगतो आणि कार्डाचं लपवतो हे शंभर टक्के खरं आहे. पण घरचे लोक कार्डाचं ऐकून काय करतील? लेक्चर देतील. एसआयपीचं ऐकून कौतुक करतील. मग कोण कशाला सांगेल?

आणि उधळेपणाबद्दल. माझे बाबा म्हणतात, त्यांनी चौऱ्याण्णव साली कोथरूडला साडेपाचशे फुटांचा फ्लॅट पाच लाखांत घेतला, पगार सहा हजार असताना, "कारण आम्ही हॉटेलात जात नव्हतो". मी आज त्याच भागात तेवढाच फ्लॅट बघायला गेले तर पंच्याहत्तरच्या पुढे आकडा. हातात साठ हजार येतात. महिन्याला चार कॉफ्या कमी प्यायल्या तर कोणत्या शतकात फ्लॅट होईल, ते कुणीतरी काढून द्या.

चक्रवाढ

@कडक_कॉफी, काढून देतो. हा माझा आवडता उद्योग आहे.

तुझ्या बाबांचा वर्षाचा पगार बहात्तर हजार. पाच लाख म्हणजे सात वर्षांचा पगार. तुझा वर्षाचा सात लाख वीस हजार. पंच्याहत्तर लाख म्हणजे दहा वर्षांहून थोडा जास्त. इथवर तू बरोबर.

आता व्याज. तेव्हा घरकर्ज पंधरा टक्क्यांच्या आसपास. वीस वर्षांच्या मुदतीला लाखामागे हप्ता १३१७ रुपये. आज साडेआठ टक्के धरले तर लाखामागे ८६८. बाबांनी किमतीच्या ऐंशी टक्के, म्हणजे चार लाखांचं कर्ज काढलं असतं तर हप्ता ५२६८. सहा हजारांच्या पगारात! कोणत्याही बँकेने दिलं नसतं. तू साठ लाख काढलेस तर हप्ता ५२ हजार, तुझ्याही साठ हजारांत बसत नाही.

म्हणजे दोघांच्याही पगारात ते घर बसत नव्हतं. मग बाबांनी घेतलं कसं? विचार त्यांना. माझा अंदाज: कर्ज फार तर दीड-दोन लाख. उरलेलं पीएफमधून, सोसायटीतून, आईच्या दागिन्यांतून, मामाकडून, गावचा तुकडा विकून. तुझी पिढी तीच खिंड दुसऱ्या पगाराने भरते: नवराबायको दोघांच्या नावावर कर्ज. हॉटेलचा यात संबंध नाही. तुझी कॉफी निर्दोष आहे.

कडक_कॉफी

विचारलं. बाबा दोन मिनिटं गप्प, मग आईच म्हणाली, "माझ्या पाटल्या आणि दादाचे चाळीस हजार." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घराची गोष्ट नेहमी "बाबांनी घर घेतलं" अशीच ऐकलीय.

तन्मणी

पाटल्यांवरून. सोन्यावर इथे नेहमी "डेड इन्व्हेस्टमेंट" म्हणून हसतात, म्हणून थोडं लिहिते.

आमच्या आज्या पैसे दागिन्यांतच का घालायच्या? हौस होतीच. पण १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा बिस्किट बाळगायला बंदी होती. तो कायदा १९९०मध्ये गेला. म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं सोन्यात पैसे ठेवायचे तर दागिना हाच सरळ मार्ग. मजुरी गेली, घट गेली, तरी दागिनाच. दुसरं म्हणजे बँकेतलं खातं बहुतेक वेळा नवऱ्याचं, घर नवऱ्याचं, शेत सासऱ्याचं. अंगावरचं सोनं तेवढं तिचं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क १९९४ला मिळाला, देशभर २००५ला. तोवर आईने मुलीला दिलेली एकदाणी हाच काय तो वाटा.

आमच्याकडे नियम होता: सोनं गहाण ठेवायचं, मोडायचं नाही. गहाण ठेवलं की सोडवायची लाज असते, म्हणून माणूस कसंही करून फेडतो. मोडलं की संपलं. आजी पाटल्यांची एकच जोडी किती वेळा गहाण ठेवून सोडवून आणायची! मुलांच्या फिया, बाळंतपणं, विहिरीची मोटर, सगळं त्या एका जोडीवर. याला डेड म्हणणाऱ्यांनी आपलं कोणतं गुंतवणूक खातं इतकं राबलंय ते सांगावं.

चक्रवाढ

@तन्मणी, राबण्याबद्दल मान्य. परताव्याबद्दल थोडं पाणी ओततो.

१९९०ला दहा ग्रॅम सोनं साधारण ३२०० रुपये. २०००ला साधारण ४४००. दहा वर्षांत दीडपटही नाही. त्याच दहा वर्षांत पीपीएफ (पोस्ट-बँकेतलं सरकारी बचत खातं) १२ टक्के देत होतं, म्हणजे तिप्पट. ज्या आजीने नव्वदच्या दशकात पाटल्या केल्या तिचं नुकसान, आणि ज्या आजोबांनी पोस्टात टाकले त्यांचा फायदा. पुढच्या दशकात उलटं: २०१०ला सोनं अठरा हजारांच्या पुढे, म्हणजे चौपट. २०२५मध्ये लाखाच्या वर. आज ज्या घरात "सोनंच खरं" म्हणतात त्या घरात बहुतेक २०००नंतरचं सोनं आठवत असतं.

पोस्टाच्या गोडव्यांबाबतही तेच. १९८८ला किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. ऐकायला स्वप्न. म्हणजे वर्षाला १३.४ टक्के. पण १९९१ला महागाईच तेरा-चौदा टक्क्यांवर होती. महागाई तशीच राहिली असती तर दुप्पट पैशांत आधीइतकीच साखर आली असती. आता पीपीएफ ७.१ टक्के देतं आणि ज्येष्ठ मंडळी हळहळतात. त्या काळचे दर आठवतात, त्या काळचे भाव कुणाला आठवत नाहीत.

आणि "सरकारी म्हणजे सुरक्षित" हा जो धडा त्या पिढीने घेतला, त्याला जुलै २००१मध्ये तडा गेला. युनिट ट्रस्टने यूएस-६४ या आपल्या फंड योजनेची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीच्या भरवशाने तिथे ठेवणारी हजारो घरं होती. आमच्या आळीत त्या आठवड्यात एकच विषय होता. पुढे "म्युच्युअल फंड" शब्द उच्चारला की त्याच आळीतले काका उठून जायचे. त्यांची मुलं आज महिन्याच्या पाच तारखेला न बघता फंडात पैसे टाकतात.

अल्पबचत_काकू

मला लेकाने हा धागा वाचून दाखवला, आता माझं मीच टंकते, चुका सांभाळून घ्या.

मी सांगलीत पोस्टाची अल्पबचत प्रतिनिधी होते. आरडीचे (दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीचे) पैसे घरोघरी जाऊन गोळा करायचे, बाईच्या कार्डावर सही करायची, पोस्टात भरायचे. कमिशन चार टक्के. तीसेक वर्षं पायपीट केली. मधुमालतीताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणता ना, तशा सासूबाई माझ्याकडे गल्लीगल्लीत होत्या. निम्म्या बायकांची कार्डं त्यांच्या घरी नसायची, माझ्याकडे असायची. नवऱ्याला दिसू नये म्हणून. मी दुपारी दोन ते चार जायचे, पुरुष कामावर असताना. पन्नास रुपये, शंभर रुपये. भाजीतून उरवलेले, शिवणाचे, पापडाचे. एकीचे तर रद्दीचे.

कशाला लपवता म्हणून मी एकदाच विचारलं. बाई म्हणाल्या, "दिसलं की लागतं." दारूडेच नवरे होते असं नाही हं. चांगल्या माणसांना बहिणीचं लग्न असतं, भावाला गाडी घ्यायची असते, आणि नाही म्हणता येत नाही. पैसा नसला की नाही म्हणायला लागत नाही!

इंदिरा विकास पत्र आठवतं का कुणाला? ८६ला आलं, पाच वर्षांत दुप्पट. त्यावर नावच नसायचं. ज्याच्या हातात त्याचं. बायकांना फार आवडायचं, कारण नाव नाही म्हणजे पुरावा नाही. पण हरवलं की गेलंच, दुसरं मिळत नसे. ९९ला बंद झालं ते.

हे सगळं एका रात्रीत उघड्यावर आलं, ८ नोव्हेंबर २०१६. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून माझा फोन. डाळीच्या डब्यातल्या पाचशेच्या नोटा, देव्हाऱ्याखालच्या हजाराच्या. अडीच लाखांपर्यंत गृहिणींना विचारणार नाही असं सरकारने सांगितलं, पण इन्कम टॅक्सवाला विचारणार नव्हता तरी नवरा विचारणार होता की! कुणाचं कौतुक झालं घरात, कुणाला महिनाभर टोमणे बसले. एका घरात नवऱ्याने त्याच पैशाची मोटारसायकल घेतली. माझ्याकडे त्यानंतर कितीतरी बायकांनी आपल्या एकटीच्या नावाने खाती उघडली. तो एक फायदा म्हणायचा.

पंचगंगा

शहरातल्या मंडळींचं चालू दे, पण शेतकऱ्याचं कर्ज अजूनही चारचौघांतच असतंय. विकास सोसायटीची (गावातली शेतीकर्ज देणारी सहकारी संस्था) थकबाकीदारांची यादी निघते, सचिव पारावर नाव घेतो, निवडणुकीला उभं राहायचं तर थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. त्यामुळं तो "आज उलटं झालंय" वाला मुद्दा आमच्याकडं अर्धाच लागू.

आमचा पैसा महिन्याचा नसतोच. दुधाचं बिल दहा दिवसाला, उसाचं बिल वर्षाला. दुधाच्या पैशावर घर चालतं आणि तो बाईच्या हातात. उसाचा पैसा गड्याच्या हातात, आणि तो यायच्या आधीच वाटला गेलेला असतो. सोसायटी, खतवाला, ट्रॅक्टरचा हप्ता, लेकीचं लग्न. मार्चमध्ये "नवं-जुनं" करायचं. जुनं कर्ज भरायला चार दिवसांसाठी कुठूनतरी पैसे आणायचे, भरायचे, लगेच नवीन उचलायचं, आणलेले परत करायचे. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, म्हणून ही कसरत. कागदावर कर्ज फिटलं, घरात होतं तिथंच.

बाप आणि मी यात एकच फरक. बापाला पैसे लागले तर तो सावकाराकडं जायचा, शेकडा तीननं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, हे शहरातल्यांना सांगायला लागतं. माझा पोरगा पुण्यात आहे, त्यानं कार्डाचं स्टेटमेंट दाखवलं. महिन्याला साडेतीन टक्के! मी म्हटलं, अरे हा तर आमच्या सावकारापेक्षा महाग. तो म्हणतो, पण आबा, हा दारात येत नाही. २०१४ला सरकारनं सावकारीचा कायदा कडक केला, गावातला सावकार भ्यायला. कार्डवाला राजरोस व्याज छापून पाठवतो.

कडक_कॉफी

@पंचगंगा काका, हे मी आज ऑफिसमध्ये चार जणांना ऐकवलं. "शेकडा साडेतीन" म्हटल्यावर एकाने खरंच ॲप उघडून बघितलं.

आमच्याकडे हे कसं होतं तेही लिहिते. कुणी एकदम बुडत नाही. फोन "नो कॉस्ट" म्हणजे बिनव्याजी हप्त्यांवर, तो ठीक. मग "आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात द्या"चं एक ॲप. मग एका महिन्यात घरभाड्याचं डिपॉझिट आणि बहिणीचं लग्न एकत्र येतं आणि कार्डावर पूर्ण बिलाऐवजी "किमान रक्कम" भरली जाते. ती साधारण पाच टक्केच असते, म्हणून वाटतं सुटलो. उरलेल्यावर व्याज चालू, आणि नव्या खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून. आणि हो, त्याच महिन्यात एसआयपी पण जातेच, कारण ती थांबवली तर आपण बेजबाबदार. म्हणजे बारा-तेरा टक्क्यांच्या आशेवर पाच हजार टाकायचे आणि चाळीस टक्क्यांनी चाळीस हजार थकवायचे. मी स्वतः अजून त्यातच आहे, म्हणून आकडे पाठ आहेत.

चिंचपोकळीकर

@कडक_कॉफी, जुन्या सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार लागायचे, बहुधा बाजूच्या टेबलावरचे. हप्ता चुकला तर त्यांच्या पगारातून कापायचे. त्यामुळे कर्ज काढण्याआधी दोन माणसांना पटवावं लागे. "कशाला हवेत? किती? कसे फेडणार?" तेच तुमच्या ॲपने काढून टाकलं. सोय झाली ती तिथेच, आणि गोची पण तिथेच.

तन्मणी

जामीनदारांचं फार गोड करू नका. बाईला जामीन कोण राहायचं? आणि जात बघून उधारी देणारे वाणी आमच्या गावात होते. ज्याला चारचौघांत पत नव्हती त्याला ही माणुसकीची व्यवस्था उपाशीच ठेवायची. ॲप निदान आडनाव विचारून तोंड वाकडं करत नाही.

चिंचपोकळीकर

हे मात्र खरं. मान्य.

निवृत्त_गुरुजी

सर्वांना नमस्कार. आमच्या पिढीला शिस्त होती हे विसरून चालणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २००९ साली निवृत्त झालो. गरजा कमी, देणी वेळेवर, आणि आज कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

शाळा_ते_शाळा

गुरुजी, पाया पडून सांगते, हात पसरावा लागत नाही तो पेन्शनमुळे. मी त्याच जिल्हा परिषदेत आहे, पण १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेली. तुम्हाला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता वाढत जातो. माझ्या पगारातून दर महिन्याला कापून बाजारात जातात, शेवटी जे निघेल ते. मार्च २०२३चा संप त्यासाठीच होता. तुम्ही बचत न करता सुरक्षित आहात आणि मी पगाराचा चौथा हिस्सा गुंतवून घाबरलेली आहे. यात शिस्तबद्ध कोण?

निवृत्त_गुरुजी

प्रश्न वर्मावर बसला. तरीही सांगतो, आम्ही सायकलवर पंचवीस वर्षं काढली.

मधुमालती

पेन्शनवरून आठवलं. सासरे खासगी छापखान्यातले, त्यामुळे सासूबाईंना ईपीएस-९५ची (पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेची) कुटुंब पेन्शन येते. २०१४पासून ती किमान एक हजार झाली, त्याआधी त्याहून कमी. महिन्याला हजार रुपये! ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले आणि वेळेवर देणी दिली अशी ती एकाच पिढीची दोन माणसं: गुरुजी आणि माझे सासरे. एकाची बायको निर्धास्त, दुसऱ्याची बायको सुनेला औषधाचे पैसे मागताना दोनदा विचार करते. पिढीपिढीत फरक आहेच, पण एकाच पिढीतला हा फरक आपण फार पटकन विसरतो. सासूबाईंची ती चोरटी बचत मला आता निराळीच दिसायला लागलीय.

त्यावरून काकूंना एक प्रश्न. सासूबाई सांगतात की पोस्टात "कुठेतरी" एक खातं होतं, आणि एका सहकारी बँकेत ठेव. पावत्या सापडत नाहीत. शोधायचं कसं?

अल्पबचत_काकू

बँकेचं सोपं झालंय. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क जात नाही. २०२३ला "उद्गम" नावाचं संकेतस्थळ काढलंय, त्यात नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधा. तुमची बँक त्यात असली तर दिसेल. स्पेलिंग बदलून बदलून बघा, जुन्या खात्यांवर नावं कशीही लिहिलेली असतात. माहेरच्या नावाने पण बघा! हे कुणी करत नाही, आणि बायकांच्या ठेवी तिथेच सापडतात.

पोस्टाचं त्यात मिळत नाही. त्यासाठी त्या पोस्टातच जावं लागतं. कोणत्या साली त्या कुठे राहत होत्या ते आधी लिहून काढा, म्हणजे पोस्ट कोणतं ते ठरेल. कुणी एजंट बाई यायच्या का विचारा. तिचं नाव आठवलं तर ती किंवा तिची सून अजून त्याच गल्लीत असेल. पासबुक, कार्ड, जुनी पावती, काहीही कागद मिळाला तर घेऊन जा. आणि खातं सापडलं की त्याच दिवशी नॉमिनी घाला. बँकेत आता चार जणांपर्यंत नॉमिनी घालता येतात. एक लक्षात ठेवा, नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे ते त्याचेच झाले असं नाही, वारसांचा हक्क वेगळा असतो. यावरून भाऊ-बहिणी कोर्टात गेलेल्या मी पाहिल्यात.

कडक_कॉफी

काकू, तुमचे ग्राहक संपले नसतील तर मी एक. पोस्टात पाचशेची आरडी काढू का? घरात कुणालाही न सांगता.

अल्पबचत_काकू

पोरी, तुझं कार्ड साडेतीन टक्क्याने पळतंय आणि तू पोस्टात टाकणार? आधी कार्ड फेड. एसआयपी दोन महिने थांबली तर आकाश कोसळत नाही, ती रक्कम कार्डावर घाल. ते संपलं की आरडीचं बघू, कमिशन मला नको. आणि आरडी लपव हवी तर. कार्डाचं मात्र आईच्या कानावर घाल.

कडक_कॉफी

एसआयपी आज थांबवली. आईला नाही सांगणार.

पंचगंगा

आईला नको तर आबाला सांग कुणाच्या तरी. आमच्याकडं शेकडा शून्यनं पण मिळतात, फक्त लेक्चर फुकट ऐकायला लागतं.